कॅपिटल कॉल भरू का? त्याआधी पहिले पैसे आले कुठून ते बघू

शार्लटहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय 41, एच-वन-बी व्हिसावर, ग्रीन कार्डच्या रांगेत, बायकोला अजून वर्क परमिट नाही, एक मुलगी. ओळखीतल्या एकाने (म्हणजे स्पॉन्सरने) काढलेल्या सिंडिकेशनमध्ये, म्हणजे अनेकांनी मिळून एक मालमत्ता घ्यायच्या योजनेत, दोन वर्षांपूर्वी 75 हजार डॉलर टाकले, नॉर्थ कॅरोलिनातलंच 48 घरांचं मोबाइल होम पार्क (कारखान्यात बनवलेल्या घरांची वस्ती), "8 टक्के प्रेफर्ड रिटर्न", म्हणजे नफ्यातून गुंतवणूकदारांना आधी द्यायचा वाटा. तीन तिमाह्या पैसे आले, मग बंद. आता पार्कचं सेप्टिक (सांडपाणी टाकीतून जमिनीत मुरवायची व्यवस्था) बसलंय, काउंटीच्या हेल्थ डिपार्टमेंटची नोटीस आलीय आणि चाळीस गुंतवणूकदारांकडे प्रत्येकी आणखी 20 हजार मागितलेत, यालाच कॅपिटल कॉल म्हणतात. 401(के)वर, म्हणजे नोकरीतल्या रिटायरमेंट खात्यावर, लोन काढून भरू का, असं विचारतायत.

नका भरू.

तुम्ही स्पॉन्सरचा ईमेल जोडलाय, त्यातलेच आकडे घेतो. 48 घरं, घरटी तीन माणसं, माणशी 70 गॅलन धरा, रोजचं दहा हजार गॅलन सांडपाणी. नवीन सिस्टिम होईपर्यंत ते टँकरने उपसून न्यायचं म्हणतायत. अडीच हजार गॅलनचा टँकर, रोज चार फेऱ्या, फेरीला 600, म्हणजे महिन्याला 72 हजार. आणि लॉटचं भाडं 450 प्रमाणे महिन्याला येतं 21,600, तेही सगळ्यांनी भरलं तर! महिन्याला 50 हजारांचा खड्डा, परमिट आणि डिझाइनमध्ये सहा महिने गेले की तीन लाख गेलेच. तुमच्या सगळ्यांचे मिळून येणार आठ लाख, नवीन सिस्टिमचा अंदाज नऊ, आणि हा अंदाज माती तपासायच्या आधीचा आहे. पुढचा कॅपिटल कॉल कधी येणार ते मला विचारू नका.

टाकी भरली तर उपसता येते हो. मेलंय ते ड्रेन फील्ड, आपल्याकडच्या शोषखड्ड्याचं मोठं भावंड. वर्षानुवर्षं टाकी उपसली नाही की गाळ पुढे सरकतो, जमिनीत काळा चिकट थर बसतो, पाणी मुरायचं थांबतं आणि वर येतं. त्यात तिकडची लाल चिकणमाती. ब्रोशरमध्ये "40 वरून 48 घरं, व्हॅल्यू ॲड" म्हणून मिरवलंय ना, ती आठ घरं ज्या मोकळ्या जागेत बसवली तीच जागा बहुधा फील्ड बदलण्यासाठी लागली असती. ड्रोन व्हिडिओत ऑगस्टमध्ये सगळं गवत पिवळं आणि घरांच्या मागे एकच पट्टा हिरवागार दिसतो, तो पट्टा मैल्यावर पोसलेला असणार.

तुमचं एक वाक्य मात्र दोनदा वाचलं. "वर्स्ट केस पार्क बंद करून जमीन डेव्हलपरला विकू, उलट जास्तच मिळेल." अहो, तिथल्या लोकांचं घर स्वतःचं असतं, फक्त खालची जमीन भाड्याची. नाव मोबाइल, पण ते हलवायला पाच ते पंधरा हजार डॉलर लागतात, आणि 1976 च्या (फेडरल बांधकाम नियम येण्याच्या) आधीचं असेल तर दुसरं पार्क सहसा घेत नाही. म्हणजे घर तिथेच सोडून जायचं, कर्ज असलं तर ते फेडत राहायचं. जमिनीचा वापर बदलायचा म्हणून पार्क बंद केलं तर नॉर्थ कॅरोलिनात 180 दिवसांची नोटीस द्यावी लागते. पण सरकारी आदेशाने बंद झालं तर ही मुदत लागू नाही, आदेश निघाल्यावर तीन कामकाजी दिवसांत लोकांना कळवलं की झालं. सेप्टिक दुरुस्त न करणं काहींना का परवडतं ते यातून कळेल.

आणि दर वेळी ते इतकं सोपं जात नाही, हेही लिहून ठेवा. कॅलिफोर्नियात थर्मल नावाच्या गावाजवळ ड्युरोव्हिल म्हणून पार्क होतं, उघड्यावर मैला, धोकादायक वायरिंग, सगळं. 2009 मध्ये कोर्टाने ते लगेच बंद करायला नकार दिला, कारण माणसं जाणार कुठे. बंद व्हायला 2013 उजाडलं, तेही लोकांसाठी दुसरीकडे घरं उभी राहिल्यावर. तितकी वर्षं तुमचे 75 हजार थांबतील का?

आता तुम्ही न विचारलेलं. पत्राच्या शेवटी सहज लिहिलंय की 75 हजार हेलॉकमधून, म्हणजे राहत्या घरावरच्या कर्जातून काढले, "साडेआठ टक्के, म्हणजे सेव्हिंगला हात लागला नाही". साडेआठने घेऊन आठने लावले! व्याज वर्षाला 6,400, रिटर्न सगळं सुरळीत चाललं तरी 6,000. पहिल्या दिवसापासून तोट्यात, आणि तारण तुमचं राहतं घर. ते सेव्हिंग किती, तर सहा हजार. घरखर्च महिना सात हजार. नोकरी गेली तर एच-वन-बीवर दुसरी नोकरी शोधायला जास्तीत जास्त 60 दिवस, आणि 401(के)चं लोन फेडायला पुढच्या टॅक्स रिटर्नच्या तारखेपर्यंतच वेळ, नाहीतर टॅक्स अधिक 10 टक्के दंड.

इमर्जन्सी फंड म्हणून आययूएल (शेअर निर्देशांकाशी जोडलेली आयुर्विमा पॉलिसी) आहे म्हणता, महिना 700, दोन वर्षं झाली. तो फंड नाही, एजंटचं कमिशन आहे. एजंटने दाखवलेला अंदाजांचा तक्ता (इलस्ट्रेशन) बाजूला ठेवा, आज सरेंडर केली तर हातात किती येतील तो आकडा कंपनीकडून लेखी मागवा. आधी दहा लाख डॉलरचा वीस वर्षांचा टर्म इन्शुरन्स (नुसता विमा) घ्या, तब्येत ठीक आणि सिगरेट नसेल तर महिना शंभरच्या आत बसेल, तो सुरू झाल्यावरच आययूएल बंद करा. वाचलेले सहाशे आधी साध्या सेव्हिंगमध्ये, चार महिन्यांचा खर्च साठेपर्यंत, मग हेलॉककडे. 401(के)त कंपनीच्या मॅचपुरतंच, म्हणजे कंपनी स्वतःची भर घालते तितक्यापुरतंच, टाका तोवर.

कॅपिटल कॉल नाही भरला तर तुमचा हिस्सा पातळ होईल, म्हणजे टक्केवारी घटेल, होऊ दे. फक्त ऑपरेटिंग ॲग्रीमेंटमधलं ते कलम वकिलाला दाखवा, काही ठिकाणी नुसतं पातळ करून सोडत नाहीत. स्पॉन्सरकडून काउंटीच्या नोटिशीची प्रत, मातीचा रिपोर्ट आणि बँकेशी झालेला पत्रव्यवहार मागा. रहिवाशांनी को-ऑप (सहकारी संस्था) करून पार्क विकत घ्यायची तयारी दाखवलीय का तेही विचारा, न्यू हॅम्पशायरमध्ये हे 1984 पासून होतंय, आणि तुमच्यासारख्याला बाहेर पडायचा तोच बरा दरवाजा असू शकतो.