ईशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ रायफल नळी बदलून .३०-०६ काडतुसाची करता येईल का?

नाही, नुसती नळी बदलून भागत नाही. .३१५ ची घडण ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलची आहे: बोल्ट (काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणारा दांडा) मागच्या बाजूला अडकतो आणि त्याचं तोंड कडावाल्या काडतुसासाठी कोरलेलं असतं. .३०-०६ ला तशी बाहेर आलेली कड नसते, ते मॅगझिनमध्ये लांबीला मावत नाही आणि त्याचा दाब या बोल्टला झेपणारा नाही. बोल्ट सुटला तर तो थेट तुमच्या तोंडावर येतो. ईशापूरनेच १९६० च्या दशकात ७.६२ मिमी काडतुसाची २ए रायफल काढली हे खरं, पण ती जास्त मजबूत पोलादातून नव्याने घडवलेली होती. शिवाय शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे असं रूपांतर परवान्याशिवाय कुणालाही करता येत नाही, ओळखीच्या मिस्त्रीलाही नाही.