ड्रॅगन कॉनला जायचंय, पण ‘चालत जाण्याच्या अंतरा’साठी किती डॉलर मोजावेत?

नमस्कार ताई,

इतर वाचकांसाठी तुमचं पत्र आधी थोडक्यात सांगतो. शार्लटहून तुम्ही, तुमचे मिस्टर आणि पंधरा वर्षांची मुलगी लेबर डेच्या सुट्टीत अटलांटाला ड्रॅगन कॉनसाठी, म्हणजे विज्ञानकथा-फँटसीच्या चाहत्यांच्या वार्षिक मेळाव्यासाठी, जाणार आहात. गुरुवार रात्र ते सोमवार सकाळ, म्हणजे चार रात्री. तिघांचे बॅज (प्रवेशपास) घेऊन झालेत. मुलगी कित्येक महिन्यांपासून तिथे घालायला फोमचं चिलखत बनवते आहे. मिस्टरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. फेसबुकवरच्या एका ग्रुपमध्ये कुणीतरी मॅरियट मार्क्विसमधली आपली खोली चार रात्रींसाठी करासकट २,४०० डॉलरला द्यायला तयार आहे, निम्मे पैसे आत्ताच झेलने (खात्यातून खात्यात लगेच पैसे पाठवायची सोय) पाठवायचे. दुसरीकडे डनवुडी या उपनगरात मार्टाच्या (अटलांटाची मेट्रो) स्टेशनशेजारी १४९ डॉलर रात्रीचं हॉटेल आहे. तिसरं हॉटेल डाउनटाउनमध्येच, कॉनपासून दहा-बारा मिनिटांवर, २८९ डॉलरला. शिवाय अल्फारेटा या उपनगरातल्या मैत्रिणीने घरीच राहायला बोलावलंय. कार्डावर २४ टक्के व्याजाने ३,१०० डॉलर थकलेत. डिसेंबरमध्ये सासूबाईंच्या पंचाहत्तरीला सांगलीला जायचंय, त्यासाठी ४,५०० डॉलर बाजूला काढलेत. महिन्याला सगळं भागून ९०० उरतात. तुमचा प्रश्न असा: सांगलीच्या तिकिटांच्या पैशातून तात्पुरते काढून मॅरियटची खोली घेऊ का?

ती खोली घेऊ नका. पण डनवुडीही घेऊ नका. असं का, ते सविस्तर सांगतो, कारण लेकीने इतकी मेहनत घेतली असताना ‘फक्त झोपायला तर जायचंय, कुठेही राहा’ असं म्हणणं मला पटत नाही.

ड्रॅगन कॉन १९८७ पासून भरतं आणि इतर कॉन्सपेक्षा त्याची रचना वेगळी आहे. ते एका कन्व्हेन्शन सेंटरमध्ये नसतं, डाउनटाउनच्या पाच हॉटेलांत पसरलेलं असतं: हयात रीजन्सी, मॅरियट मार्क्विस, हिल्टन, वेस्टिन आणि आताचं कोर्टलँड ग्रँड, म्हणजे पूर्वीचं शेरेटन. विक्रेते अमेरिकाजमार्ट या इमारतीत. हयात, मॅरियट आणि हिल्टन हवेतल्या पुलांनी जोडलेली आहेत. कार्यक्रम रात्री उशिरापर्यंत चालतात आणि वेशभूषा करून आलेल्यांची खरी गर्दी अंधार पडल्यावर लॉबीत जमते. तुमच्या मुलीला आपलं चिलखत जिथे दाखवायचंय ती जागा तीच. म्हणून इथे जवळ राहणं ही नुसती चैन नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमधल्या अटलांटाच्या दमट उकाड्यात चिलखत अंगावर तीन-चार तासांपेक्षा जास्त सहन होत नाही. ते उतरवायला, तुटलेला पट्टा चिकटवायला, अंघोळ करून पुन्हा बाहेर पडायला खोली हाताशी लागते. दुपारी एकदा खोलीवर येता आलं, तर संध्याकाळ मिळते. नाही आलं, तर पाच वाजता सगळे थकून परत निघतात आणि ज्यासाठी आलो ते हुकतं.

आता आकडे. भाव सांगताना हॉटेल कर धरत नाही, आणि बहुतेकांचं गणित तिथेच चुकतं. अटलांटा शहरात खोलीवर सगळे कर मिळून १६.९ टक्के लागतात, वर जॉर्जिया राज्याचे रात्रीला ५ डॉलर. म्हणजे २८९ ची खोली खरी ३४३ ला पडते. चार रात्रींचे १,३७१, आणि तुम्ही लिहिलेलं ४५ डॉलर रात्रीचं पार्किंग धरून १,५५१. मॅरियटच्या २,४०० मध्ये कर आहे असं ती व्यक्ती म्हणते, पण पार्किंग नाही. तुम्हाला कळलेल्या ५५ च्या दराने ते २२० होतं, म्हणजे २,६२०.

डनवुडीच्या चार रात्रींचं, कर धरून, कागदावर ७११ होतं. पण तिथे राहिल्याने जे इतर खर्च येतात ते त्यातच मिळवायला हवेत. मार्टाचं तिकीट एका वेळेला अडीच डॉलर, तिघांचे दिवसाला १५, चार दिवसांचे ६० आणि तिकीट-कार्डांचे थोडे. मग रात्रीचा प्रश्न. डनवुडी रेड लाइनवर आहे आणि रात्री उशिरा ती लाइन डाउनटाउनपर्यंत येत नाही. आधी गोल्ड लाइनने लिंडबर्ग सेंटर गाठायचं, तिथे उतरून दुसरी गाडी. रात्री एकच्या सुमाराला तर सगळंच बंद. चार रात्रींत निदान तीनदा तरी उबर कराल, आणि त्या गर्दीत ४५ डॉलरपेक्षा कमीत मिळेल असं मी धरणार नाही. झाले १३५. दुपारी खोलीवर येता येत नाही म्हणून बाहेर जे खाल-प्याल त्याचे ७५ धरा. बेरीज जवळजवळ हजारावर जाते.

म्हणजे डनवुडी आणि दहा-बारा मिनिटांवरचं हॉटेल यांत खरा फरक साडेपाचशेचा आहे, आणि त्या हॉटेलात व मॅरियटमध्ये आणखी १,०७० चा. पहिला फरक मी भरेन, दुसरा नाही. पहिल्यात दुपारचा आराम, रात्रीची निर्धास्ती आणि मिस्टरांचा गुडघा, तिन्ही गोष्टी मिळतात. पीचट्री सेंटर स्टेशन जमिनीखाली सुमारे १२० फूट खोल आहे, त्याचे सरकते जिने पाहूनच छाती दडपते. लिफ्ट आहे, पण रोज दोनदा त्या गर्दीतून वर-खाली करणं दुखऱ्या गुडघ्याला सोसणार नाही. दुसऱ्या फरकात मात्र फक्त दहा मिनिटांचं चालणं वाचतं, आणि खरं सांगायचं तर तेही पूर्ण वाचत नाही. मॅरियट मार्क्विस चाळीसहून जास्त मजल्यांचं आहे आणि कॉनच्या दिवसांत तिथल्या लिफ्टसमोर होणारी गर्दी प्रसिद्ध आहे. वरच्या मजल्यावरून लॉबीत यायला लागणारा वेळ बाहेरून चालत येणाऱ्यापेक्षा कमी असेलच असं नाही. चिलखत घालून भरलेल्या लिफ्टमध्ये शिरणं हा आणखी वेगळा व्याप.

बुक करण्यापूर्वी एक मात्र करा. नकाशावरचं ‘दहा मिनिटं’ सपाट रस्त्याचं असतं. डाउनटाउनमध्ये पीचट्री स्ट्रीट उंचावर आहे आणि कोर्टलँड स्ट्रीटकडून तिकडे यायला चढ लागतो. हॉटेल कोणत्या बाजूला आहे ते बघा, आणि जमलं तर पीचट्रीच्याच उंचीवरचं निवडा. मिस्टरांसाठी हे मिनिटांपेक्षा महत्त्वाचं आहे.

आता फेसबुकवरच्या खोलीबद्दल. अशी देवाणघेवाण दरवर्षी होते आणि पुष्कळ लोक प्रामाणिक असतात. तरीही अनोळखी माणसाला झेलने १,२०० डॉलर पाठवू नका. तुम्ही स्वतःहून पाठवलेले झेलचे पैसे फसवणूक झाली तरी बँकेकडून परत मिळणं फार अवघड असतं. क्रेडिट कार्डाने दिलेल्या पैशावर निदान तक्रार करून रक्कम अडवता येते. ती व्यक्ती खरी असेल तर तिने हॉटेलला तुमच्यासह फोन लावावा, आरक्षण तुमच्या नावावर करून द्यावं, आणि पैसे तुम्ही थेट हॉटेलला तुमच्या कार्डाने भरावेत. याला ती तयार नसेल तर विषय संपला. तयार असेल तर हॉटेलकडूनच मूळ दर विचारा. कॉनचा ठरलेला दर आणि ती मागते आहे ती रक्कम यांत मोठी तफावत असेल, तर तुम्ही खोलीचे नाही, तिच्या नफ्याचे पैसे भरताय.

तिकिटांच्या पैशाबद्दल जरा कडक बोलतो. ‘तात्पुरते’ काढलेले पैसे परत भरायचे कुठून? त्याच ९०० मधून, ज्यातून कार्डही फेडायचंय. तोवर डिसेंबरची तिकिटं महागतील, आणि सासूबाईंच्या पंचाहत्तरीला तिघांऐवजी दोघांनी जायचं का, हा विषय घरात निघेल. तसं होऊ देऊ नका. ते ४,५०० पुरत असतील तर तिकिटं आत्ताच काढून टाका, म्हणजे तो पैसा समोर दिसणारही नाही.

आणि हा खर्च २४ टक्क्यांच्या कार्डावर तर मुळीच टाकू नका. ज्या कार्डावर आधीची बाकी आहे त्यावर नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, खरेदीच्या दिवसापासूनच व्याज सुरू होतं. २,६२० डॉलर त्यावर टाकून महिन्याला २०० ने फेडलेत तर सव्वा वर्षावर लागेल आणि साधारण ४५० डॉलर नुसतं व्याज जाईल. तेवढ्यात सांगलीच्या घरी सगळ्यांसाठी भेटवस्तू येतील.

मग पैसे कसे उभे करायचे? कॉनला अजून पाच महिने आहेत. दरमहा ९०० मधले ६०० कार्डाला, ३०० सहलीला. सप्टेंबर येईपर्यंत कार्डावर तीनेकशेच्या आसपासच उरेल आणि सहलीचे १,५०० जमलेले असतील. हे जमतं ते एकाच कारणाने: डाउनटाउनचं हॉटेल तुम्हाला रद्द करता येण्याच्या अटीवर मिळतंय. म्हणजे आज फक्त खोली अडवायची, पैसे तिथे गेल्यावर. परत न मिळणाऱ्या दराने वीस-तीस डॉलर वाचतात म्हणून मोहात पडू नका. पंधरा वर्षांच्या मुलीची शाळा, मिस्टरांचा गुडघा, काहीही मध्ये येऊ शकतं, आणि पाच महिने आधी अख्खी रक्कम अडकवण्याएवढी ती बचत मोठी नाही.

आणखी एक जागा दिसते जिथे वाचेल. गुरुवारी तुम्ही मुलीची शाळा सुटल्यावर निघणार. शार्लट ते अटलांटा चार तास, लेबर डेच्या गर्दीत पाचही लागतील. रात्री दहाला पोचून डाउनटाउनच्या महागड्या खोलीत फक्त झोपायचं. त्याऐवजी पहिली रात्र डनवुडीतच काढा आणि शुक्रवारी सकाळी गाडीने सामानासकट डाउनटाउनला या. खोली दुपारीच मिळेल, पण सामान आणि चिलखताच्या पेट्या काउंटरवर ठेवून घेतील, आधी विचारून ठेवा. तीन रात्री ३४३ ने, एक रात्र १७८ ने आणि तीन रात्रींचं पार्किंग १३५, असे मिळून १,३४२ होतात. त्या वीकएंडला काही हॉटेलं चार रात्रींची सक्ती करतात, तसं असेल तर वाद न घालता चारही रात्री तिथेच राहा. १,५५१ ही रक्कमही तुमच्या आवाक्याबाहेरची नाही, फक्त ५१ डॉलर इकडेतिकडे करावे लागतील.

खोली हातात असली की पुढचं निवांत करता येईल. अनेक लोक दोन-दोन खोल्या धरून ठेवतात आणि दंडाशिवाय रद्द करण्याची शेवटची तारीख जवळ आली की सोडतात. त्या सुमाराला पाचही हॉटेलांच्या साइटवर रोज नजर टाका. हयात किंवा हिल्टनची खोली थेट हॉटेलकडून, तुमच्याच नावाने, तुमच्या १,५०० च्या आत मिळाली तर जरूर घ्या आणि आधीची रद्द करा. क्रम मात्र तोच ठेवा: आधी नवीन खोलीचं कन्फर्मेशन, मग जुनी रद्द.

अल्फारेटाच्या मैत्रिणीचं मन मोडायची गरज नाही. पण तिच्या घरी राहून रोज रात्री दीडला तिला दार उघडायला लावणं तुम्हालाच जिवावर येईल, आणि मग तिच्यासाठी म्हणून तुम्ही नऊलाच निघाल. त्यापेक्षा सोमवारी परतताना दुपारचं जेवण तिच्याकडे करा. अल्फारेटा थोडं वाकडं पडतं, पण निवांत बोलणं तरी होईल.

हॉटेलात पोचल्यावर डेबिट कार्ड देऊ नका. खोलीच्या भाड्यावर हॉटेल आणखी काही रक्कम अडवून ठेवतं, आणि डेबिट कार्ड असेल तर ती तुमच्या चालू खात्यातून काही दिवस गायब होते. मिस्टरांचं जे दुसरं कार्ड दरमहा पूर्ण भरलं जातं असं तुम्ही लिहिलंय, ते वापरा आणि घरी आल्या आल्या जमवलेल्या १,५०० मधून फेडा.

जेवणाचं आणि अमेरिकाजमार्टमधल्या खरेदीचं मी यात धरलेलं नाही. जेवण तुमच्या नेहमीच्या घरखर्चातून जाईल, चार दिवसांचं थोडं जास्त होईल इतकंच. खरेदीचा आकडा मात्र मुलीला आधीच सांगा, आणि तो तिच्या हातात रोख द्या. तिने स्वतःच्या हाताने चिलखत बनवलंय, तेव्हा तिथल्या कारागिरांच्या वस्तू बघताना काय घ्यावं हे तिला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळेल. गुरुवारच्या डनवुडीच्या आणि शुक्रवारपासूनच्या डाउनटाउनच्या अशा दोन्ही खोल्या मात्र याच आठवड्यात धरा, कारण रद्द करता येण्याच्या दरातल्या खोल्याच आधी संपतात.