१८,९९० चा वायरलेस हेडसेट: वायर नेमकी कुठे नकोय?

वाचकाचा प्रश्न: मी २६ वर्षांचा. घर भुसावळला, नोकरी जळगाव एमआयडीसीत अकाउंट्सला, रोज रेल्वेने अपडाऊन. हातात ३१,००० येतात. घरी कॉम्प्युटर आहे आणि टीव्हीला जोडून खेळायचा गेमिंग कन्सोल, एक्सबॉक्स सिरीज एस. जुन्या हेडसेटची वायर खुर्चीच्या चाकाखाली येऊन तुटली. आता दोन्हीला चालेल असा १८,९९० चा वायरलेस गेमिंग हेडसेट नऊ महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर घ्यायचा विचार आहे. दोन घेण्यापेक्षा एकच भारी घेतलेला परवडतो ना? एक मित्र त्याचा वापरलेला, दुसऱ्या कंपनीचा, ९,००० ला देतोय. तो घेऊ का?

भाऊ, गेम खेळण्यावर माझा काही आक्षेप नाही. दिवसभर व्हाउचर आणि जीएसटी रिटर्न करून आलेल्या माणसाने रात्री दोन तास खेळण्यात घालवले तर कुणाचं काय जातं? माझी अडचण तुमच्या ‘दोन्हीला चालेल’ या दोन शब्दांपाशी आहे, कारण तुमचं सगळं गणित त्यांच्यावर उभं आहे.

तुम्ही ज्या मॉडेलचं नाव कळवलंत, ते कॉम्प्युटर आणि प्लेस्टेशनसाठीचं आहे. त्याचा डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायचा छोटा रिसीव्हर, एक्सबॉक्सला लावला तर आवाज येणार नाही. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्ससाठी स्वतःची वायरलेस पद्धत ठेवली आहे आणि ब्लूटूथचा हेडसेट तर तो घेतच नाही. म्हणून काही कंपन्या एकच हेडसेट दोन-तीन रूपांत विकतात. स्टीलसिरीजच्या आर्क्टिस नोवा ७ चंच बघा: साधा ७, मग ७पी, मग ७एक्स. खोक्यावरचा फोटो जवळपास तोच, पण एक्सबॉक्सला वायरलेस चालतो तो फक्त ७एक्स. उलटीही गंमत आहे. एक्सबॉक्सला डोंगलशिवाय थेट जोडला जाणारा हेडसेट कॉम्प्युटरला तितक्याच सुखाने जोडायचा तर बऱ्याचदा वेगळा अॅडॉप्टर घ्यावा लागतो. नाहीतर कॉम्प्युटरवर ब्लूटूथ वापरा, मग आवाज उशिरा पोचतो आणि माइक सुरू केला की बहुतेक वेळा आवाजाचा दर्जाही घसरतो. म्हणजे ‘दोन ऐवजी एक’ म्हणून तुम्ही १८,९९० देणार आणि दिवाळीत एक्सबॉक्ससाठी पुन्हा दुसरा शोधणार.

आता वायरकडे या. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरला खाली ३.५ मिमीचा जॅक, म्हणजे साध्या इअरफोनचं भोक, आहे. कंट्रोलर आधीच वायरलेस आहे. साधा वायरवाला हेडसेट त्यात खोचला की वायर तुमच्या कानापासून हातापर्यंतच, टीव्हीपर्यंत नाही. पलंगावर लोळून खेळायचं स्वातंत्र्य तुम्ही कन्सोलसोबतच विकत घेतलेलं आहे, त्याचे पुन्हा पैसे कशाला? राहिला कॉम्प्युटर. तिथे तुम्ही स्क्रीनपासून दोन-अडीच फुटांवर बसता. तिथली खरी तक्रार खुर्चीच्या चाकाची आहे, आणि तिच्यावर इलाज म्हणजे ज्याची वायर सुटी काढता येते असा हेडसेट. वायर तुटली तर वायर बदलायची, हेडसेट नाही. असे चांगले वायरवाले हेडसेट तीन-साडेतीन हजारांत मिळतात. तुमच्या कॉम्प्युटरला माइकचं आणि आवाजाचं भोक वेगवेगळं असेल तर शे-दीडशे रुपयांचा स्प्लिटर लागेल, बस.

आता पगाराचा हिशोब. तुम्ही लिहिल्याप्रमाणे घरी १२,०००, गाडीचा हप्ता ३,४००, पास-पेट्रोल-मोबाइल-बाहेरचं खाणं ५,५००, आरडी २,०००, विमा १,५००. बेरीज २४,४००. उरतात ६,६००, आणि ते कुठे जातात हे तुम्हालाच सांगता आलेलं नाही. त्यातून २,११० चा हप्ता म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा नऊ महिन्यांसाठी बांधला. बँकेत शिल्लक २२,०००, म्हणजे नोकरीत खंड पडला तर एक महिना जेमतेम. जूनमध्ये बहिणीची अॅडमिशन आहे हे तुम्ही पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलंत. माझ्या मते ते पहिल्या ओळीत यायला हवं होतं.

नो-कॉस्ट म्हणजे फुकट नाही. तुम्ही अकाउंट्सचे आहात, मांडून बघा. बँकेचा दर १५ टक्के धरला तर नऊ महिन्यांचं व्याज साधारण १,१३५. तेवढी सूट दुकानदार किंवा कंपनी सुरुवातीला देते, म्हणून हप्ते १८,९९० लाच जुळतात. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, २०४ रुपये, तुमच्या खिशातून. प्रोसेसिंग फी १९९ असेल तर तिच्यावरचे ३६ धरून आणखी २३५. झाले ४३९. शिवाय रोखीने घेणाऱ्याला जी सूट मिळते ती तुम्हाला मिळेलच असं नाही. रक्कम मोठी नाही, मान्य. पण हे हप्ते ज्याच्यावर बसणार, ते तुमचं पहिलं क्रेडिट कार्ड आहे. एखाद्या महिन्यात बिल पूर्ण भरलं नाही तर थकलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, म्हणजे वर्षाला चाळिशीच्या वर. आणि तो महिना बहुतेक अॅडमिशनचाच असेल.

एक गोष्ट जाहिरातीत कधी येत नाही, आणि ती भुसावळात राहणाऱ्याने तरी विसरू नये. तुम्ही खेळता ती वरची पत्र्याची खोली. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा त्या खोलीत काय होतं ते मी सांगायला नको. लिथियमच्या बॅटरीला अशी उष्णता चालत नाही, त्यातही पूर्ण चार्ज करून तिथेच ठेवली तर तिचं आयुष्य भराभर कमी होतं. बहुतेक वायरलेस हेडसेटची बॅटरी आपल्याला बदलता येत नाही. कानावरच्या गादीचंही तसंच. रेक्झिन घामाने तडकतं आणि त्याचे काळे पोपडे कानाला चिकटतात. कापडी गादी घ्या, बदलून मिळणारी घ्या. आणि खोलीत कुलर चालू असेल तर समोरच्याला तुमच्याऐवजी त्याची घरघर ऐकू जाईल. तोंडाजवळ येणारा दांडीचा माइक हवा, कानावरच्या कपात लपवलेला नको. खोक्यावरच्या ‘७.१ सराउंड’साठी, म्हणजे चहूबाजूंनी आवाज येतोय असं भासवण्यासाठी, मात्र एक रुपयाही जास्त देऊ नका. बहुतेक हेडसेटमध्ये कानाला एक असे दोनच स्पीकर असतात, बाकी काम सॉफ्टवेअरचं. तेच काम करणारं मायक्रोसॉफ्टचं विंडोज सोनिक विंडोजच्या कॉम्प्युटरवर आणि एक्सबॉक्सवर फुकट आहे, सेटिंगमध्ये जाऊन सुरू करा.

तर माझं मत असं: आत्ता सुट्या वायरचा, तीन-साडेतीन हजारांचा हेडसेट रोखीने घ्या. ते पैसे या महिन्याच्या ६,६०० मधून निघतात, आरडीला आणि शिल्लकीला हात लावू नका. जूनपासून २,११० रुपये पगाराच्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका. ऑक्टोबरपर्यंत पाच महिन्यांचे १०,५५० होतील. अॅडमिशन पार पडली असेल आणि तेव्हाही वायरलेस हवासा वाटला, तर दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये याच पैशांत बसणारा एक्सबॉक्सचं नाव स्पष्ट लिहिलेला हेडसेट बघा. मला वाटतं, तुम्हाला तो तेव्हा नकोसा होईल. पण हवा असेल तर बिनधास्त घ्या, पैसे तुमचेच आहेत. घेताना त्याला ३.५ मिमीचा जॅक आहे का, आणि वायर लावल्यावर माइक चालतो का, एवढं विचारा. म्हणजे पुढे बॅटरी गेली तरी तो कामाला येईल. बिल जीएसटीचं घ्या, वॉरंटी भारतातली आहे हे बघा आणि परत करायची मुदत संपायच्या आत दोन्ही मशीनवर लावून खेळून पाहा.

मित्राच्या हेडसेटचं. ९,००० मागतोय तर आधी बिलावरची तारीख बघा, वॉरंटी किती उरली ते कळेल. मग रात्री पूर्ण चार्ज करून एक रविवार तुमच्या घरी आणा आणि किती तास चालतो ते मोजा. कंपनीने सांगितलेल्या तासांच्या निम्म्यावर आला असेल तर नाही म्हणा. पाऊणपट चालला आणि एक्सबॉक्सला जोडला गेला तर ५,००० च्या वर जाऊ नका, तेही वॉरंटी शिल्लक असेल तरच. आणि ‘डोंगल कुठेतरी घरात असेल रे भो, सापडला की देतो’ असं म्हणाला, तर २,००० लाही घेऊ नका. त्या डोंगलशिवाय तो हेडसेट तुमच्या एक्सबॉक्सला वायरलेस जोडलाच जाणार नाही, आणि सुटा डोंगल मिळणं फार कठीण.