मारकुटं पोर आणि दाखल्याची भाषा

प्रश्न : मुलगी बेळगावातल्या शहापूरच्या शाळेत तिसरीत आहे. वर्गातला एक मुलगा रोज कुणाला तरी ढकलतो, चावतो. परवा हिच्या दंडावर वळ उठले होते. 'त्याला दाखला देऊन काढा' असा अर्ज आम्ही पालकांनी लिहिलाय. द्यावा का?

अर्ज द्या, पण ती ओळ खोडून. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) सोळाव्या कलमानुसार आठवीपर्यंतचं शिक्षण पुरं होईस्तोवर मुलाला शाळेतून काढता येत नाही. मुख्याध्यापक अर्ज ठेवून घेतील आणि तुमच्या मुलीचं दुखणं तिथंच राहील.

नेमकं मागा. असली भांडणं बहुतेक वेळा तास चालू असताना होत नाहीत. नळावर हात धुताना होतात, जेवणाच्या रांगेत होतात, घंटा झाली की दारातल्या रेटारेटीत होतात. रात्री निवांत असताना मुलीला विचारा : कुठं झालं, त्याच्या आधी काय झालं, जवळ कोण होतं? आठवडाभर तारखेनिशी वहीत लिहा, वळ दिसले तर फोटो काढा. मग बाईंना म्हणा, "दोन्ही वेळा नळापाशीच झालंय, तेवढा वेळ तिथं कुणी मोठं माणूस उभं राहील का?" याला नाही म्हणणं कुणालाही जड जातं. हललं नाही काही, तर मुख्याध्यापक, मग एसडीएमसी (शाळेची विकास व देखरेख समिती), शेवटी बीईओ (गटशिक्षणाधिकारी). एसडीएमसीवर बहुतेक पालकच असतात, कदाचित त्या मुलाचे वडीलही. म्हणून चारचौघांत त्याचं नाव नको. व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नकोच. आणि त्याला गेटवर गाठून दम देणारे पालक मी बघितलेत; त्यांची मुलं दुसऱ्या दिवशी जास्त मार खातात.

प्रश्न : आम्ही चिकोडी तालुक्यातले, घरी मराठी. मुलगा कन्नड शाळेत पहिलीला. टीचर म्हणतात, हाच मारतो. घरात तर एकदम गरीब आहे हो!

दोन्ही खरं असेल. घरात 'दे', 'सोड', 'माझा नंबर आहे' हे तो तोंडानं सांगतो, वर्गात शब्द सापडत नाहीत म्हणून हात पुढं जातो. अक्षरं नंतर गिरवू दे, आधी 'कोडु' (दे), 'बिडु' (सोड), 'बेड' (नको), 'होडीबेड' (मारू नको) एवढं जिभेवर बसवा. शेजारची कन्नड पोरं खेळायला घरी बोलवा, त्यानं जास्त काम होतं. टीचरनाही सांगा, की तो तोंडानं बोलला तर लगेच शाबासकी द्या. दोनेक महिन्यांत फरक पडला नाही, तर मात्र कारण भाषा नसावी.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यात शिक्षिका. पहिली ते तिसरी नलीकलीचा (गटात बसून, कार्डांवरून पायरीपायरीनं शिकायचं) एकच वर्ग, मी एकटी. एक मुलगा गट उधळून लावतो. बाहेर उभा केला की गप्प राहतो.

गप्प राहतो, कारण बाहेर वाचावं लागत नाही! म्हणजे बाई, त्याला हवं ते तुम्हीच देताय. तो उठण्याआधी हातात कुठलं कार्ड होतं, एवढंच चार दिवस टिपा. प्रत्येक वेळी वाचनाचं निघालं, तर वाचता न येण्याची लाज तो दंग्याखाली झाकतोय. त्याला खालच्या पायरीचं कार्ड द्या, तुमच्या हाताशी बसवा, कार्डं वाटायचं काम त्याच्याकडं द्या. कान-डोळे राहूनच जातात; मुलांची तपासणी करणारं आरबीएसकेचं (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं) पथक शाळेत येईल तेव्हा याचं नाव आधी सांगा. पुढं गरज वाटली तर धारवाडचं डिमहान्स (मानसिक आरोग्याचं सरकारी रुग्णालय) जवळ आहे. छडी मात्र नको, शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमानं तिला बंदी आहे. आणि ज्याला घरी मार बसतो त्याला शाळेतल्या छडीचं काही वाटतही नाही.

प्रश्न : आजोबा नातवाला म्हणतात, "एक खाल्लीस तर दोन देऊन ये."

पहिला फटका बाईंना क्वचित दिसतो, दुसरा हमखास दिसतो. नाव तुमच्या नातवाचं होणार. 'सोड, मारू नको!' असं वर्गभर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायचं आणि सरळ बाईंकडं जायचं, याची घरात तालीम घ्या. मारकुट्या मुलाचं काम आजोबांनाच द्या.