डब्लिनचं किलमेनम जेल दोन वेगळ्या इमारतींसारखं का दिसतं?

तुम्ही विचारलंय की फोटोंत एकीकडे अंधारे बोळ आणि दुसरीकडे काचेच्या छताचं भलंमोठं दालन दिसतं, तर हे जेल एकच का? एकच. मधे साधारण 65 वर्षांचं अंतर आहे, इतकंच. (स्पेलिंगमध्ये शेवटी ‘हॅम’ दिसत असलं तरी डब्लिनकर ‘किलमेनम’च म्हणतात.)

1796 साली हे डब्लिन काउंटीचं जेल म्हणून सुरू झालं. जुना पश्चिम भाग त्या वेळचा. कोंदट हवेने तुरुंगात ताप पसरतो असा तेव्हाचा समज, म्हणून खिडक्यांना काचाच नव्हत्या. वारा खेळता राहिला खरा, पण आयर्लंडची थंडी आणि पाऊसही थेट कोठडीत. त्यात चुनखडीच्या भिंती, म्हणजे कायमची ओल. एका कैद्याला एक कोठडी हा मूळ बेतही 1845 नंतरच्या आयर्लंडच्या मोठ्या दुष्काळात मोडला. 1847च्या कायद्याने भीक मागणं गुन्हा ठरलं आणि बोळांतही माणसं झोपू लागली.

पूर्व भाग 1862चा. तीन मजल्यांत 96 कोठड्या, सगळ्यांची दारं एकाच दालनाकडे, म्हणजे मधे उभ्या पहारेकऱ्याला प्रत्येक दार दिसतं. दाराला डोकावायचं भोक. अंदमानचं सेल्युलर जेलही कैद्याला एकटं ठेवण्याच्या याच विचारातलं, पण रचना उलटी: तिथे कोठडीसमोर दुसऱ्या ओळीची पाठ येते.

ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या 1916च्या उठावानंतर 3 ते 12 मे या काळात ब्रिटिशांनी इथे 14 जणांना गोळ्या घातल्या. खडी फोडायच्या अंगणात दोन क्रूस आहेत: एका टोकाला 13 जणांचा, दुसऱ्या टोकाला, फाटकाजवळ, उठावाच्या नेत्यांपैकी एक, एकट्या जेम्स कॉनलीचा. जखमी कॉनलीला उभंही राहता येत नव्हतं. फाटकातून आणून तिथेच खुर्चीत बसवून मारलं.

1924 मध्ये जेल बंद झालं. छपरं गळली, आत झाडं उगवली. 1960 पासून स्वयंसेवकांनी ते फुकट श्रम करून सावरलं. स्वातंत्र्यानंतरच्या 1922-23च्या आयरिश यादवी युद्धात परस्परांविरुद्ध लढलेली माणसं एकत्र कामाला यावीत म्हणून 1921 नंतरच्या घटना मांडायच्या नाहीत असं त्यांनी ठरवलं होतं. मला हा तपशील सगळ्यात बोलका वाटतो, कारण 1922 मध्ये आयरिश सरकारनेच इथे चार तरुणांना गोळ्या घातल्या होत्या. 1966 मध्ये संग्रहालयाचं उद्घाटन केलं राष्ट्राध्यक्ष डी व्हॅलेरा यांनी, म्हणजे इथून सुटलेल्या शेवटच्या कैद्याने.

जाणार असाल तर तिकीट आधीच ऑनलाइन काढा. आत गाइडबरोबरच सोडतात.