मंद लहरी आणि वर्षानुवर्षांचा सहवास

प्रश्न : आमच्या समोरच्या इमारतीच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर आहे आणि घरात वाय-फाय दिवसरात्र सुरू असते. प्रारण मर्यादेच्या आत असल्याचे मोजणी करणाऱ्यांनी सांगितले. पण ही थोडीशी मात्रासुद्धा वर्षानुवर्षे अंगावर पडत राहिली, तर ती शरीरात साठून अपाय करणार नाही का? घरात चार वर्षांची मुलगी आहे, म्हणून विचारते.
— एक वाचक

उत्तर : तुमच्या प्रश्नातील ‘साठून’ हा शब्द कळीचा आहे. क्ष-किरणांच्या बाबतीत ही भीती रास्त ठरते, कारण त्यांच्या एकेका फोटॉनमध्ये (प्रारणाच्या सर्वांत लहान पुडक्यात) रेणूतील इलेक्ट्रॉन बाहेर फेकण्याइतकी ऊर्जा असते आणि त्यातून डीएनएला झालेली इजा दुरुस्त न होता मागे राहू शकते. रेणूचे असे अयनीभवन होण्यास साधारण १० इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते. ९०० मेगाहर्ट्झच्या मोबाइल लहरींच्या फोटॉनमध्ये ती एका इलेक्ट्रॉनव्होल्टच्या दहा लाखाव्या भागाच्या जेमतेम चौपट असते. या लहरी ऊतींमध्ये शोषल्या गेल्या की त्यांची उष्णता होते आणि ती रक्ताभिसरणातून निघून जाते. शरीराच्या दर किलोमागे सुमारे ४ वॅट शोषले गेल्यास तापमान अंदाजे १ अंशाने वाढते. सामान्य नागरिकांसाठीची आंतरराष्ट्रीय मर्यादा याच्या पन्नासाव्या हिश्श्याइतकी, म्हणजे ०.०८ वॅट आहे.

तरीही ‘उष्णता नाही, म्हणजे परिणामच नाही’ असे सरसकट विधान मी करणार नाही. जर्मनीतील ओल्डेनबर्ग विद्यापीठात रॉबिन पक्ष्यांना लाकडी खोल्यांमध्ये, नरसाळ्याच्या आकाराच्या पिंजऱ्यांत ठेवून, त्यांच्या पंजांच्या ओरखड्यांवरून स्थलांतराची दिशा ताडली जात असे. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावरून दिशा ओळखणारे हे पक्षी तिथे मात्र गोंधळून जात. खोल्यांना आतून अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे लावून ते भूसंपर्कित केल्यावर (म्हणजे त्यांना अर्थिंग दिल्यावर) पक्ष्यांना दिशा सापडली. भूसंपर्क तोडताच ती पुन्हा हरवली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत गोंधळाचे कारण ५० किलोहर्ट्झ ते ५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील, विद्युत उपकरणांतून निघणारा अतिशय क्षीण विद्युतचुंबकीय गोंगाट हे होते. मोबाइलच्या लहरी या पट्ट्याच्या कितीतरी वर आहेत आणि दिशा चुकणे म्हणजे आजार नव्हे. पण सजीवांना क्षीण क्षेत्राची चाहूलच लागत नाही, हा समज या पक्ष्यांनी खोटा ठरवला आहे.

मुलांच्या संदर्भात खरे लक्ष द्यायला हवे ते टॉवरपेक्षा विजेच्या ५०-६० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राकडे. १९७९ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हरमधील अभ्यासात नॅन्सी वर्दायमर आणि एड लीपर यांनी वीजवाहिन्या आणि मुलांमधील कर्करोग यांचा संबंध प्रथम मांडला. पुढे अनेक देशांतील माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा ज्या थोड्या घरांत या क्षेत्राची सरासरी ०.४ मायक्रोटेस्लापेक्षा (मायक्रोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) अधिक होती, तिथल्या मुलांमध्ये ल्युकेमियाचे, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचे, प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. ल्युकेमिया मुळात दुर्मीळ आहे, हे ‘दुप्पट’ वाचताना विसरू नये. हा संबंध कसा घडतो, याची पटेल अशी यंत्रणा सापडलेली नाही आणि प्राण्यांवरील प्रयोगांतूनही त्याला भक्कम दुजोरा मिळालेला नाही. म्हणून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्ये हे क्षेत्र ‘कदाचित कर्ककारक’ अशा २-ब गटात ठेवले.

मोबाइल आणि वाय-फाय ज्यांवर चालतात त्या रेडिओ लहरीही २०११ पासून त्याच गटात आहेत. मात्र जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात, दहा वर्षांहून अधिक काळ मोबाइल वापरणाऱ्यांमध्येही मेंदूच्या कर्करोगाचा धोका वाढलेला दिसला नाही. मला हा निष्कर्ष दिलासा देणारा वाटतो.

टॉवरमुळे घर बदलण्याचा विचार करू नका. कानाला लावलेल्या मोबाइलमधून डोक्यात शोषली जाणारी ऊर्जा समोरच्या टॉवरपासून मिळणाऱ्या ऊर्जेपेक्षा सहसा कितीतरी अधिक असते. शिवाय टॉवर दूर गेला की संपर्क टिकवण्यासाठी मोबाइलला अधिक शक्तीने प्रक्षेपण करावे लागते. बोलताना इअरफोन वापरा आणि मुलीच्या उशाशी मोबाइल ठेवू नका. तिचा पलंग विजेच्या मुख्य फलकाच्या भिंतीला टेकलेला असेल, तर तो मीटरभर सरकवा. फलकाजवळचे चुंबकीय क्षेत्र तेवढ्या अंतरात बरेच ओसरते.