सहा वर्षांचा ऑटिस्टिक मुलगा ब्रश तोंडात घालूच देत नाही. दोघांनी धरून दात घासावे लागतात. काय करावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की आजीनं बोटाला मंजन लावलं तर तो शांतपणे घासून घेतो. माझ्या दृष्टीनं तुमच्या प्रश्नातली ही सर्वांत मोलाची माहिती आहे. तोंडात बोट गेलेलं त्याला चालतं. त्रास होतोय तो ब्रशच्या केसांचा, पेस्टच्या चवीचा नाहीतर फेसाचा. मी विशेष शिक्षिका आहे. अशा मुलाला ब्रश शिकवण्याआधी नेमकं काय खुपतंय हे आम्ही शोधतो.

मऊ, कोरडा ब्रश नुसता ओठांना, मग पुढच्या दातांना लावून बघा. चालला तर अडचण पेस्टची आहे. पुदिन्याची चव बऱ्याच ऑटिस्टिक मुलांना अक्षरशः झोंबते. फेस बहुतेक पेस्टमध्ये सोडियम लॉरिल सल्फेटमुळे येतो. ते नसलेल्या, बिनचवीच्या पेस्ट ऑनलाइन मिळतात. फक्त फ्लोराइड १००० पीपीएम किंवा अधिक आहे ना, एवढं वेष्टनावर वाचा. मटाराच्या दाण्याएवढी पेस्ट पुरे. थुंकता येत नसेल तर तांदळाच्या दाण्याएवढी लावा आणि नंतर ओल्या फडक्यानं तोंड पुसा. चूळ भरता येण्याची वाट बघत बसू नका. आजीचं मंजन मशेरी असेल तर मात्र आजच बंद करा, ती तंबाखू भाजून करतात.

कोरडा ब्रशही नको म्हणाला तर आजीच्याच हातानं पुढे जा. आधी नुसतं बोट, मग बोटाला गुंडाळलेलं ओलं मऊ फडकं, मग बोटात घालायचा सिलिकॉनचा ब्रश आणि शेवटी साधा ब्रश. बोट गालाच्या बाजूनं घाला, म्हणजे चावलं जाणार नाही. एका पायरीवर तो निवांत झाल्याशिवाय पुढची घेऊ नका. काही मुलांना एकेका पायरीला कित्येक आठवडे लागतात, आणि ते ठीक आहे.

धरून घासणं कृपया थांबवा. हे कधी संपणार ते मुलाला कळत नाही, म्हणून तो जिवाच्या आकांतानं झगडतो. त्याऐवजी मोठ्यानं एक ते दहा मोजा आणि दहाला ब्रश बाहेर काढाच, तो छान घासून घेत असला तरी. त्या दहावर त्याचा भरवसा बसला की वीस करता येतात. तुमच्याच घरातल्या बेसिनचे, ब्रशचे, पेस्टचे फोटो क्रमानं भिंतीवर लावा. शेवटचा फोटो त्यानंतर मिळणाऱ्या आवडत्या गोष्टीचा. चॉकलेट सोडून काहीही. ब्रश धुऊन जागेवर ठेवणं हे शेवटचं काम आधी त्याच्याकडे द्या, मग एकेक काम मागे सरकत सोपवा. सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्यांनी एकदा हात फिरवावाच लागतो, ऑटिझम नसलेल्या मुलांनाही.

बेसिनपाशी नळाचा आवाज, ट्यूबलाइट सहन होत नसेल तर पलंगावर मांडीत डोकं घेऊन घासा. दिवसातून एकदाच जमत असेल तर रात्रीची वेळ निवडा. झोपेत लाळ कमी होते आणि किडीला तेव्हाच फावतं. गोड सिरप देत असाल तर ते ब्रशच्या आधी द्या.

आधी चालणारा स्पर्शही अचानक नकोसा झाला, एकाच बाजूनं चावू लागला किंवा गालावर मारून घेऊ लागला, तर दात दुखत असेल असं धरून लगेच बालदंततज्ज्ञांकडे न्या. फोन करून ऑटिझमबद्दल आधीच सांगा आणि दिवसातली पहिली वेळ मागा, तेव्हा दवाखान्यात गर्दी नसते. दुखत नसतानाच एकदा नुसतं खुर्चीत बसून यायला जमलं तर फारच उत्तम.